निऑनचा बिल्ला

आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. त्यात काचेच्या काही नळ्या, एक स्पिरिटचा दिवा, लिटमसच्या कागदांची पुडी आणि सल्फ्युरिक ॲसिडची एक बाटली. त्या बाटलीचं बूच मी शाळेत आल्यापासून कधी निघालं नाही. अणू-रेणू शिकवायला पुण्याच्या मोठ्या शाळांत रंगीत लाकडी गोळे आणि ते जोडायच्या काड्या असत. आमच्याकडे तसलं काही येण्याची शक्यता नव्हती. म्हणून मी मुलांनाच अणू करायचं ठरवलं. अणू अणूला जोडला जातो तो हातांनी, असं समजायचं. ज्याला जितके हात, तितकी त्याची संयुजा.

हा खेळ मी पुढे इतक्या ठिकाणी करून दाखवला, की पिंपरी-चिंचवडच्या त्या वेळच्या काही शिक्षकांना माझं नाव आठवणार नाही, पण हातांचा खेळ आठवेल. खेळाबरोबर मी एक गोष्टही सांगत असे. ती गोष्ट चुकीची होती. सांगताना मला ती खरी वाटत होती, पण त्यानं फार फरक पडत नाही. त्या गोष्टीत मी नववीतल्या एका मुलीला दोषी ठरवलं होतं आणि तिनं काही केलेलं नव्हतं. ज्यांनी माझ्या तोंडून ती ऐकली, त्यांतले निम्मे आता नाहीत. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

मी सांगलीकडच्या एका गावातून पिंपरीला आलो, तेव्हा इथं एकामागून एक कारखाने उभे राहत होते. बी.एस्सी. झालेल्या माणसाला कंपनीत सहज काम मिळत असे. मी शाळा निवडली, कारण कंपनीत शिफ्ट असते आणि शिफ्टमध्ये माणसं असतात, असं मला वाटे. गावठाणाच्या टोकाला एका पिठाच्या गिरणीमागे मला खोली मिळाली. दोन वेळचं जेवण खानावळीत. खानावळ एका कोकणातल्या विधवा बाईंची होती. तिथं जेवायला येणारे बहुतेक कामगार. कोणी शिफ्ट संपवून आलेला, कोणी शिफ्टला निघालेला. कोणी बोलत नसे. ताटावर ताटं यायची आणि जायची. बाई मला "मास्तर, भात?" एवढंच विचारत आणि मी मान हलवत असे. पावसाळ्यात औषधांच्या कारखान्याकडून एक आंबूस वास यायचा, तो खोलीत भरून राहायचा. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असे. त्या दिवशी मी स्टोव्हवर भात टाकायचो आणि मंडईतून आणलेली एखादी भाजी करायचो.

लग्न झालं नाही. त्याला काही मोठं कारण नव्हतं. एकदोनदा घरच्यांनी पाहिलं, मी पुढं ढकललं, मग पाहणारे राहिले नाहीत. याचं मला त्या वेळी वाईट वाटत नसे. उलट मला त्यात एक प्रकारचा मान वाटायचा, आणि तो मान मी रसायनशास्त्रातून घेतलेला होता.

नववीच्या पुस्तकात एक धडा होता. अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की तो शांत होतो. सोडियमकडे एक जास्तीचा असतो, तो देऊन टाकतो. क्लोरीनला एक कमी पडतो, तो घेतो. दोघं मिळून मीठ. ज्यांना देणं-घेणं जमत नाही ते वाटून घेतात. एक इलेक्ट्रॉन तुझा, एक माझा, जोडी दोघांची. सगळं जग असं कमी पडणाऱ्या अणूंनी एकमेकांना धरून ठेवल्यामुळं उभं आहे. फक्त काही वायू तसे नाहीत. हेलियम, निऑन, अरगॉन. त्यांचं घर भरलेलं असतं. ते कोणाला काही देत नाहीत, कोणाकडून घेत नाहीत. पुस्तकात त्यांना निष्क्रिय वायू म्हटलं होतं. मला तो शब्द आवडत नसे. मी वर्गात सांगायचो, "निष्क्रिय नाही रे, तृप्त म्हणा. ज्याचं पोट भरलंय तो कशाला दुसऱ्याच्या ताटात बघेल?" आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर माझी खोली असायची. झाडलेली, कंदील पुसलेला, पुस्तकं नीट लावलेली.

एकोणसत्तर किंवा सत्तर साल असेल. त्या वर्षी नववीत सात मुली होत्या. मुलं पुष्कळ. त्या काळात मुलामुलींनी एकमेकांचा हात धरण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा मुलांचे रेणू वेगळे आणि मुलींचे वेगळे. पुठ्ठ्याचे गोल बिल्ले कापले, त्यांवर लाल पेन्सिलीनं मूलद्रव्यांच्या खुणा लिहिल्या, टाचण्या लावल्या. हायड्रोजनला एकच हात, म्हणून त्यानं दुसरा हात पाठीमागं धरायचा. ऑक्सिजनला दोन. कार्बनला चार हात लागतात, त्यासाठी दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत वर्ग नेला. आधी मुलांचं पाणी झालं. मग ऑक्सिजनचा रेणू. दोघांनी समोरासमोर उभं राहून दोन्ही हात धरायचे, म्हणजे दुहेरी बंध. त्या दोघांनी हात धरले आणि मागून कोणीतरी म्हणालं, "सर, ही तर फुगडी." मग ते फिरायलाच लागले. वर्ग हसून लोळत होता. एक जण म्हणाला, "राव, ऑक्सिजनला चक्कर आली बघ." मीही हसलो. मला वाटतं, शिक्षक म्हणून माझा तो सगळ्यात चांगला तास होता. त्यातला पुढचा भाग सोडला तर.

मुलींचा मी मिथेन करणार होतो. दोघी कार्बन, चौघी हायड्रोजन. सातवी मुलगी हेडमास्तरांच्या नात्यातली होती. तिचा आवाज खणखणीत, म्हणून तिनं बाजूला उभं राहून व्याख्या वाचायची असं ठरवलं होतं.

त्या सातांमध्ये दोघी नदीपलीकडच्या, पिंपळे सौदागरच्या. आज तिथं मोठमोठ्या इमारती आहेत. तेव्हा ऊस आणि भाजीचे मळे होते. एकीच्या वडिलांची नदीकाठी जमीन होती. तिला मी इथं मळ्यातली म्हणेन. दुसरीचे वडील कंपनीत मशीनवर होते. ते घर बौद्ध झालेलं होतं, पण गावाच्या तोंडात ते नाव अजून बसलं नव्हतं. गाव जुन्याच नावानं बोलायचं. दोघी शाळेत बरोबर येत, एवढं मी पाहिलं होतं. फाटकातून आत आल्या की दोन वेगळ्या बाकांवर बसत, तेही पाहिलं होतं.

मळ्यातली कार्बन झाली. दुसरी हायड्रोजन, आणि साहजिकच ती येऊन मळ्यातलीच्या डाव्या हाताशी उभी राहिली. मी म्हणालो, "हं, धरा हात."

मळ्यातलीनं डावा हात पुढं केला नाही. तिनं तो आधी स्कर्टला पुसला. एकदा पुसला, हाताकडं पाहिलं, पुन्हा पुसला.

एवढंच झालं. ते घडायला जितका वेळ लागला त्यापेक्षा जास्त वेळ मला हे वाक्य लिहायला लागला. पण तेवढ्यात मी सगळं ठरवून टाकलं. मला वाटलं, ही हात देणार नाही. आता सगळ्या वर्गासमोर दुसऱ्या मुलीचा अपमान होणार. आमच्या घरी शिवाशिव पाळत. आजोळी तर पाण्याचा तांब्या वरून ओतायचे. मी ते सगळं मागं टाकून आलो आहे अशी माझी समजूत होती. म्हणूनच मला वाटलं, की ते मी लांबूनही ओळखू शकतो.

"थांब," मी म्हणालो. "तू हायड्रोजन नाहीस. तो बिल्ला काढ."

तिनं टाचणी काढली. मी बिल्ला उलटा करून मागच्या बाजूवर लाल पेन्सिलीनं निऑनची खूण लिहिली आणि तिला परत दिला. व्याख्या वाचणाऱ्या मुलीला हायड्रोजन केलं. मिथेन पूर्ण झाला. आणि निऑनला मी मधोमध उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, "हिच्याकडं बघा. हिला कोणाच्या हाताची गरज नाही. ही स्वतःतच पूर्ण आहे. मूलद्रव्यांतली राणी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मान वर करून उभी राहिली. मला फार बरं वाटलं. मी तिला दुसरं-तिसरं काही दिलं नव्हतं, माझ्याजवळची सगळ्यात चांगली गोष्ट दिली होती. निदान मला तसं वाटलं.

तास संपल्यावर मळ्यातलीला मी स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं. स्पष्ट काही म्हणालो नाही. तेव्हा असले विषय स्पष्ट बोलायची पद्धत नव्हती आणि मला वाटलं, तिला कळतंय.

"आज तू जे केलंस ते मी पाहिलं," मी म्हणालो.

तिनं मान खाली घातली.

"चांगल्या घरच्या मुलीनं असं करू नये. आता शिकलेल्यांचे दिवस आहेत. पुन्हा दिसायला नको."

"व्हय, सर," ती म्हणाली. "न्हाई करनार."

तिची खाली गेलेली मान मी कबुली समजलो.

इन्स्पेक्टर साहेब आले तेव्हा खेळ पुन्हा झाला. स्नेहसंमेलनात झाला. आता निऑन ठरलेलीच होती. शेवटी ती एकटी मधे चालत यायची आणि उभी राहायची, आणि टाळ्या व्हायच्या. मुलं तिला निऑनच म्हणू लागली. एकदा तालमीच्या वेळी मळ्यातली माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, आज मी हुते निऑन. हिला कार्बन करा की." मला वाटलं, टाळ्या पाहून हिला हेवा वाटतोय. मी म्हणालो, "निऑन व्हायला आधी मन मोठं लागतं." ती परत गेली.

त्या वर्षाच्या शेवटी मळ्यातलीचं नाव शाळेतून काढलं. मारुंजीला तिचं लग्न ठरलं होतं. दुसरी मॅट्रिक झाली आणि माझ्या नजरेआड गेली.

पुढे सात-आठ वर्षांनी नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा शास्त्राच्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथं मला हातांचा खेळ दाखवायला सांगितलं. मी शिक्षकांनाच उभं केलं, धोतरातले दोन वयस्क गुरुजी ऑक्सिजन झाले आणि पुन्हा फुगडी झाली. मग मी गोष्ट सांगितली. एका मुलीनं दुसरीचा हात धरायला नकार दिला, आणि आपण त्या दुसरीला कसं राणी केलं. कोणत्या गावची, कोणाच्या घरची, हेही मी सांगितलं. गोष्टीला ते लागतं असं मला वाटलं. एका बाईंनी डोळे पुसले.

चहाच्या वेळी कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. फार आदरानं म्हणाला, "सर, खेळ सुरेख आहे. फक्त एक. निष्क्रिय वायू अगदीच निष्क्रिय नसतात, हे आता मुलांना सांगायला हरकत नाही."

"म्हणजे?"

"झेनॉनची संयुगं झालीत ना. फ्लोरीनबरोबर वगैरे. बासष्ट सालीच पहिलं बनलं."

मी बशीत चहा ओतत होतो, तो थांबलो. बासष्ट साली मी स्वतः कॉलेजात होतो. ज्या वर्षी मी 'हे वायू कोणाशीही संयोग पावत नाहीत' असं घोकत होतो, त्याच वर्षी कुठल्यातरी प्रयोगशाळेत त्यांच्यातल्या एकानं हात दिला होता. आमच्या पुस्तकांपर्यंत ते पोचलं नव्हतं.

"आणि निऑन?" मी विचारलं.

"निऑनचं अजून नाही," तो हसून म्हणाला. "तुमची राणी शाबूत आहे."

मी हसलो. पण त्या दिवशी बसमधून येताना माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं. एवढी वर्षं मी ज्याला निसर्गाचा नियम समजत होतो, ती फक्त तोवर कोणी नीट प्रयत्न न केल्याची गोष्ट होती. खोलीवर आलो. गिरणी बंद होती. कुलूप उघडताना पहिल्यांदाच मला वाटलं की आत कोणी असायला हवं होतं.

ऐंशी साल उलटल्यावरची गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी फाटकाशी होतो. निळ्या काठाची कंपनीची साडी नेसलेली एक बाई रस्त्यापलीकडून आली.

"ओळखलं का, सर?"

मी ओळखलं नाही.

"निऑन," ती म्हणाली.

औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. बोलायला आम्ही शाळेच्या कट्ट्यावर बसलो. मी घरचं वगैरे विचारू लागलो, तर ती म्हणाली, "सर, माझ्या पुतण्याच्या बाईंनी वर्गात एक गोष्ट सांगितली. हात न धरणाऱ्या मुलीची. बाई म्हणाल्या, प्रशिक्षणात एका सरांनी सांगितली. पोरगं घरी येऊन मलाच सांगतंय. मी म्हटलं, अरे, ही तर मी."

मला वाटलं, ती आभार मानायला आली आहे. खरंच वाटलं.

"सर, तुम्हाला कोणी सांगितलं, ती हात देत नव्हती म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? मी पाहिलं. तिनं हात मागं घेतला. पुसला."

"चिंच खाल्ली होती तिनं."

मला कळलं नाही.

"मधल्या सुट्टीत. आम्ही दोघींनी मिळून. फाटकाजवळच्या झाडाची. बोटं चिकट झाली होती तिची. पुसून देणार होती."

मी काहीतरी म्हणालो. बहुधा, "पण वर्गात तर तुम्ही दोघी वेगळ्या..." असं.

"वर्गात वेगळ्या, गावात वेगळ्या. तिच्या आजीला खपायचं नाही. पण नदीत कोण बघतंय? रोज येता-जाता पवना ओलांडायची. दगड शेवाळलेले. एकमेकींचा हात धरल्याशिवाय कोणी आलं असतं का पलीकडं? रोज धरत होतो, सर."

मी गावठाणाच्या या टोकाला राहत होतो. नदीकडं मी कधी गेलो नव्हतो.

तिनं रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी जाताना तिनं हात पुढं केला. मी नाही धरला. म्हटलं, मला लागत नाही. सरांनी सांगितलंय, मी पूर्ण आहे." ती किंचित हसली. "लहानच होते. राणी केलं होतं तुम्ही. दोनदा घसरले पण नाही धरला. मग तिनं पुन्हा कधी पुढं केलाच नाही."

"तू मला तेव्हाच सांगायचं," मी म्हणालो. किती वाईट वाक्य होतं ते.

"काय सांगणार? तुम्ही मला वर चढवत होता. तिच्याबद्दल तुम्ही असं समजून बसलाय, हे मला पुतण्याकडून कळलं, सर. आता कळलं. तिच्या गावाचं नाव घेऊन सांगता म्हणे तुम्ही. ते तेवढं थांबवा." ती उठली. तिची बस येत होती. "ती तशी नव्हती."

मी मुलांना नेहमी एक गोष्ट घोटून सांगायचो. बंध तुटताना ऊर्जा मोकळी होते असं सगळ्यांना वाटतं, परीक्षेत हमखास चुकतात. खरं तर बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, जुळताना ती बाहेर पडते. त्या संध्याकाळी खानावळीत ताटासमोर बसून मी आठवत होतो, की त्या दोघींच्यातलं तोडायला मला काय लागलं होतं. एक बिल्ला उलटा करावा लागला. बाई म्हणाल्या, "मास्तर, भात?" आणि मी मान हलवायचीही विसरलो.

पुढच्या सुट्टीला मी मारुंजीला गेलो. हिंजवडीपर्यंत बस, तिथून पायी. तेव्हा तो सगळा भाताचा आणि माळाचा मुलूख. विचारत विचारत घर सापडलं. ती अंगणात कांद्याची रोपं निवडत होती. अंग भरलेलं, डोक्यावर पदर. मी शाळेचं नाव सांगताच उठून उभी राहिली.

"सर? तुमी? बसा की. कोन गेलं का काय?"

"नाही, नाही. सहज."

"सहज मारुंजीला कोन येतं?" ती म्हणाली. बाज पुढं ओढली, पाणी आणून दिलं.

मी सरळ विचारलं, "त्या खेळाच्या दिवशी मी तुला रागावलो होतो. आठवतं?"

"आठवतं की. चिंचंवरनं."

"चिंचेवरून?"

"वर्गात चिंच खाऊन आले म्हनून. तुमी म्हनला, चांगल्या घरच्या मुलीनं असं करू नये. त्यानंतर शाळंत कदी चिंच न्हाई खाल्ली, सर. आता लेकीला पन तेच सांगते." तिला हसू आलं. "तवा लई रडले हुते."

इथं मी उठून निघून आलो असतो तरी चाललं असतं, असं पुढे अनेकदा मनात आलं. तिला काही माहीत नव्हतं. पण तिच्या माहेरचं नाव घेऊन ती गोष्ट मी सभागृहात सांगितली होती, ती शाळाशाळांतून फिरत होती आणि कधीतरी इथवर येणारच होती. मग मी तिला सांगितलं. काय समजलो होतो ते, आणि कोणाकोणाला सांगितलं ते.

तिचं हसू हळूहळू गेलं. ती पुन्हा रोपांपाशी बसली, पण निवडत नव्हती.

"म्हंजे तुमाला वाटलं, मी तिला शिवले नसते?"

मी मान हलवली.

"म्हनून तिला बाजूला काढली व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, तिला मोठं बक्षीस दिलं तुमी. आन ती मोठी झाली, म्हनून माझा हात सोडला." आतून एक मूल रडायला लागलं, कोणीतरी त्याला घेतलं. "सर, एकच सांगा. तिला पन तसंच वाटत हुतं का? मी हात दिला नसता म्हनून?"

"नाही. चिंचेचं मला तिनंच सांगितलं. 'ती तशी नव्हती' म्हणाली."

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि काढला. "मग बास," ती म्हणाली. "मग मला काय न्हाई."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"ते तुमचं तुमी बघा, सर." आवाजात राग नव्हता. कांद्याची रोपं कुठली घ्यावीत हे सांगावं तसं ती म्हणाली. "कुठं असती ती आता?"

मी कंपनीचं सांगितलं.

"रविवारी आमी भाजी घेऊन पिंपरीच्या मंडईत येतो. कडंच्या रांगंत बसते मी, टपरीला लागून. तिला सांगाल का तेवढं?"

सांगितलं. शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. भोंगा झाला, बायकांचा लोंढा बाहेर आला, त्यातून ती मला दिसण्याआधी मीच तिला दिसलो. निरोप ऐकून ती "बरं" म्हणाली. पुढे मी ती गोष्ट कुठं सांगितली नाही. पण सांगणं बंद करणं म्हणजे ती खोडणं नव्हे, हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी मंडईत गेलो. संध्याकाळच्या जेवणासाठी मी तिथूनच भाजी नेत असे, त्यामुळं मुद्दाम गेलो असं नाही. पण कडेच्या रांगेकडं मी सहसा जात नसे.

लांबूनच दिसलं. मळ्यातली पोत्यावर बसली होती. पुढं मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या, त्यांवर नुकतंच पाणी मारलेलं. तिच्यासमोर साध्या साडीतली एक बाई येऊन उभी राहिली आणि वाकली. मळ्यातलीनं वर पाहिलं. मग तिनं आपले दोन्ही हात पदराला पुसले. एकदा पुसले, हातांकडं पाहिलं, पुन्हा पुसले.

मी एका गाड्याआड होतो. पुढं जाऊन काही बोलावं असं क्षणभर वाटलं. पण तिथं माझं काही काम नव्हतं. मधे गिऱ्हाइकं आली, पाठी आडव्या आल्या, आणि मी मागच्या गल्लीनं बाहेर पडलो.

खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवला तेव्हा लक्षात आलं, भाजी आणायची राहून गेली होती. भात टाकला.